बटन दिसतंय पण सापडत नाही

प्रश्न : सर, आमचा काजूचा छोटा कारखाना आहे. दिवसभर वाड्यांवाड्यांतून बी येते, काट्यावरचा मुलगा वजन एक्सेलमध्ये भरतो आणि रात्री तेच सगळं मी परत आमच्या जुन्या खरेदीच्या सॉफ्टवेअरमध्ये घालत बसतो, सीझनला रोज शंभरेक एंट्र्या. भाच्याने ऑटोइट (आपल्या जागी की दाबणारी, क्लिक करणारी स्क्रिप्ट चालवायचं सॉफ्टवेअर) टाकून दिलं, नोटपॅडवर मस्त चालतं, पण आमच्या सॉफ्टवेअरवर त्याचं शोधायचं टूल नेलं की आख्खी विंडो म्हणजे एकच तुकडा, आत सेव्ह बटन नाही, वजनाचा चौकोन नाही, काहीच नाही. शेवटी टॅब मारत डेटा पाठवला तर काही शेतकऱ्यांचं वजन दराच्या रकान्यात! सगळ्यांचं नाही, काहींचंच. काय करू?
— एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : टूल खोटं बोलत नाहीये. नोटपॅडमधली लिहायची जागा विंडोजच्या लेखी एक स्वतंत्र विंडोच असते, तिला स्वतःचा हँडल नंबर असतो, त्यावरून ऑटोइट तिला धरतं. तुमच्या सॉफ्टवेअरने बटनं स्वतःच रंगवलीयत, म्हणजे विंडोजला ती भिंतीवरच्या चित्रातल्या दरवाजासारखी. फोल्डरमध्ये डीबीएफ फायली (नावाच्या शेवटी .dbf असलेल्या, डेटा साठवणाऱ्या) असतील तर ते बहुतेक फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस प्रोग्रॅममधलं आहे, व्हिज्युअल फॉक्सप्रो असंच करतं. मायक्रोसॉफ्टने त्याचा सपोर्ट 2015 च्या जानेवारीत बंद केला, आपल्याकडे मात्र ते आंब्याच्या जुन्या कलमासारखं अजून धरतंय. एकदा विंडोज एसडीकेमधलं (मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रॅमरसाठीच्या संचातलं) इन्स्पेक्ट हे स्क्रीनवरची बटनं, रकाने शोधणारं टूल लावून बघा, ते हँडलवर अवलंबून नसतं, कधीकधी त्यात दिसून जातं. (जावातलं सॉफ्टवेअर असेल तर आधी ॲक्सेस ब्रिज, म्हणजे जावाची बटनं बाहेरच्या टूल्सना दाखवणारी सोय, चालू करावी लागते.)

नाहीच दिसलं तरी अडत नाही, कीबोर्ड आहे. तुम्ही टॅब वापरलात ते बरोबरच केलंत, फसलात ते दुसरीकडे. जुन्या फॉक्सप्रोमध्ये रकाना काठोकाठ भरला की कर्सर आपोआप पुढे उडी मारतो. आता बघा, खाते नंबरचा रकाना चार आकडी असेल तर 385 नंबरवाल्याला टॅब लागतो, पण 1042 नंबर टाकला की कर्सर आपणच वजनावर जातो आणि वर तुमचा टॅब त्याला दरावर नेऊन ठेवतो. चुकलेल्या एंट्र्या काढा, मला वाटतं सगळे चार आकडीच निघतील. तेव्हा स्क्रिप्टमध्ये नंबर चारपेक्षा कमी आकडी असेल तरच टॅब, असं घाला. बाकीच्या रकान्यांसाठी माऊस बाजूला ठेवून एक एंट्री हाताने करा आणि दाबलेली प्रत्येक की कागदावर लिहा, तीच तुमची स्क्रिप्ट.

ऑटोइट दोन कींमध्ये फक्त 5 मिलिसेकंद थांबतं, ते 50 करा, जुन्या सॉफ्टवेअरला दम लागतो. सॉफ्टवेअर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडत असाल तर स्क्रिप्टही तशीच उघडा, नाहीतर की कुठे गेल्या ते कळणारही नाही. सेव्हनंतर ठरावीक सेकंद थांबण्यापेक्षा फॉर्म रिकामा झाल्यावर जिथला रंग बदलतो असा एक ठिपका धरा, तो बदलला की पुढे जा. माऊसच्या जागा लिहायच्याच झाल्या तर विंडोच्या कोपऱ्यापासून मोजा आणि डिस्प्लेचं स्केल 100 टक्के ठेवा, 125 केलंत की सगळं सरकलं. मला तो मार्ग आवडत नाही.

आणि एंट्री झाली की एक्सेलमध्ये त्या ओळीपुढे 'झालं' लिहायला लावा. पावसाळी वाऱ्यात लाईट गेली तर कुठवर आलो होतो हे शोधत बसायला नको. भाचा म्हणेल सरळ डीबीएफमध्येच लिहू. नको, इंडेक्स (नोंदी शोधायची सॉफ्टवेअरची सूची) आणि शिल्लक दोन्ही बिघडेल. पण त्या फाईलची कॉपी लिबर ऑफिसमध्ये उघडा आणि वजनाची बेरीज एक्सेलशी ताडा, ते रोज करा.

प्रश्न : रिमोट डेस्कटॉपवरच्या (दुसऱ्या मशीनवर चालणाऱ्या, इथून वापरायच्या) सॉफ्टवेअरसाठी चित्र ओळखणारी स्क्रिप्ट केलीय. बघत बसलो की चालते, मिनिमाइज केली की बंद.
— एक वाचक, देवगड

उत्तर : तुमच्या पीसीवर येतं ते पलीकडच्या स्क्रीनचं निव्वळ चित्र, मिनिमाइज केलंत की चित्र येणंच थांबतं, मग स्क्रिप्ट ओळखणार काय? मिनिमाइज न करता स्क्रीनवरच, पूर्ण दिसेल अशी बाजूला सरकवून ठेवा. त्यापेक्षा परवानगी असेल तर स्क्रिप्ट पलीकडच्या मशीनवरच टाका, तिथे कदाचित बटनं नावानिशी सापडतील आणि चित्रांची भानगडच उरणार नाही.