मुंबई ते ऑकलंड: विमानाचे तास आणि घरापर्यंतचे तास

तुम्ही विचारलंत, मुंबईहून न्यूझीलंडमधलं ऑकलंड किती लांब, विमानाला किती वेळ लागतो, मुलाच्या शाळेचं कसं, आणि नाशिकला आई-वडिलांना काही झालं तर एका दिवसात पोचता येईल का. व्हिसाचे नियम सरकारी संकेतस्थळावर आहेत, ते मी सांगत बसत नाही. तुमच्या शेवटच्या प्रश्नाने मला झोप येईना, म्हणून लिहितेय.

सरळ अंतर सुमारे 12,300 किलोमीटर. थेट विमान नाही. सिंगापूर जवळजवळ वाटेवरच पडतं: तिथपर्यंत साडेपाच तास, पुढे साधारण दहा. दुबईवरून कधी स्वस्त पडतं, पण त्यात आधी 1,900 किलोमीटर उलटं जायचं आणि मग सोळा तास एका जागी बसायचं. मूल बरोबर असताना तो मोह नको.

हे झाले विमानाचे तास. मधल्या विमानतळावरचा मुक्काम, मुंबईतली इमिग्रेशनची रांग, पुढे कसारा घाट, हे सगळं धरलं तर दाराशी पोचेपर्यंत दीड दिवस. तोही तिकीट लगेच मिळालं तर.

बाबा गेले तेव्हा नाशकात रात्रीचे साडेआठ वाजले होते, इथे पहाटेचे तीन. सकाळच्या विमानात जागा नव्हती. भाऊ म्हणाला, "ताई, तू सांगशील तसं करू." मी म्हटलं, थांबू नका. नातेवाईक अजून मला समजूतदार म्हणतात. ते मी आईचा विचार करून म्हटलं, की नुसता तासांचा हिशोब करून, हे मला आजही सांगता येत नाही. पोचले तेव्हा सावडणंही उरकलं होतं. दारात चपलांचा ढीग, आणि आई आतून विचारत होती, "विमानात जेवलीस का गं?"

एकटेपणाचं फार मनावर घेऊ नका. माणसं भेटतात.

शाळेचं मात्र सलतं. इथलं वर्ष फेब्रुवारीच्या सुमारास सुरू होतं. आम्ही मे संपताना आलो, मुलगा मराठी माध्यमातून तिसरी पास झालेला. वयानुसार वर्गात बसवलं, ते ठीक. पण बाईंनी पहिल्याच भेटीत सांगितलं, घरीही इंग्रजीच बोला. आम्ही ऐकलं नाही. तरी शाळेच्या फाटकाशी मी हाक मारली की तो म्हणायचा, "हळू बोल ना, आई." मोठी सुट्टी डिसेंबर-जानेवारीत, नेमकी तिकिटं महाग असताना. गणपतीत बहुतेक शाळा चालूच असते.

कागदपत्रांतलं एकच सांगते. पुढे इथलं नागरिकत्व घेतलंत तर भारतीय पासपोर्ट जमा करावा लागतो, आणि ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना व्हिसाशिवाय भारतात येऊ देणारं कार्ड) हातात येईपर्यंत स्वतःच्या घरी जायलाही व्हिसा लागतो. नवरा-बायकोने नागरिकत्वाचा अर्ज एकाच वेळी करू नका, म्हणजे एकाला तरी लगेच निघता येईल. माझं माहेरचं नाव एका कागदावर, सासरचं दुसऱ्यावर, एवढ्यावरून माझा ओसीआयचा अर्ज परत परत आला. त्या काळात फोन वाजला की छातीत धस्स व्हायचं.

तेव्हा एका दिवसात पोचता येईल, असं धरून चालू नका. निघण्याआधी, तिकडे जे कोणी भाऊ-बहीण असतील त्यांच्याशी आणि जमलं तर आई-वडिलांशीही एकदा स्पष्ट बोलून घ्या: वेळ आली तर तुमच्यासाठी थांबायचं की नाही. पहाटे तीनला फोनवर ते ठरवायला लागू नये.