माळ संपते, पण मन कुठे होतं?

प्रश्न : नोकरी, घर, मुलांचे अभ्यास, झोप. वर्षानुवर्षं हेच चाललंय. पहाटे जपाला बसते, पण माळ कधी संपली तेही कळत नाही. देवावर विश्वास आहे, तरी कशातच अर्थ वाटत नाही. साधना बदलून पाहू का?

उत्तर : इतक्यात नको. मन कोरडं पडलेलं असताना घेतलेले असे निर्णय सहसा टिकत नाहीत. सोळाव्या शतकातले ख्रिस्ती संत इग्नेशियस लोयोला यांनी तर नियमच घालून दिला होता, की कोरडेपणाच्या काळात आधीचा निश्चय बदलायचा नाही. तक्रारही जुनीच आहे. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहिलेले ख्रिस्ती साधक इव्हाग्रियस हीच अवस्था सांगतात : सूर्य जागचा हलत नाही, हातातलं काम नकोसं होतं, दुसरीकडे निघून जावंसं वाटतं. योगसूत्रांतल्या नऊ अंतरायांमध्ये, म्हणजे साधनेतल्या अडथळ्यांमध्ये, मनाच्या या जडपणाला ‘स्त्यान’ म्हटलं आहे. तेव्हा आपली भक्तीच कमी पडली, असं मनाला लावून घेऊ नका.

कंटाळा आला की बरेच जण एका माळेच्या तीन माळा करतात. आमच्या मते इथेच बिघडतं, कारण मग लक्ष नामावर न राहता आकड्यावर जातं. तुम्ही उलट करा. वेळ आणि जागा तीच ठेवा, संख्या मात्र कमी करा. 108 मण्यांत मन टिकत नसेल तर 54, तेही जमत नसेल तर 27.

पहिला मणी धरण्याआधी मिनिटभर नुसत्या बसा. आज ज्याची काळजी वाटते असं एक माणूस किंवा एक काम मनात घ्या आणि आजचा जप त्याच्यासाठी करा. मानसिक जपात मन सगळ्यात लवकर निसटतं. म्हणून सध्या स्वतःला ऐकू येईल इतपत आवाजात नाम घ्या. हे स्थिरावलं की ओठ हलतील पण आवाज फुटणार नाही असा उपांशु जप, आणि मानसिक जप त्याच्याही नंतर. मन भरकटलेलं लक्षात आलं तर माळ पहिल्यापासून सुरू करू नका. हातात असेल त्याच मण्यावर नाम घेऊन पुढे चला. पुन्हा पहिल्यापासून म्हटलं की ती शिक्षा होते आणि दुसऱ्या दिवशी बसायचीच टाळाटाळ होते. शेवटच्या मण्यानंतर दोन मिनिटं उठायचं नाही, फोन तर नाहीच. आपण घाई करतो ती नेमकी इथे, आणि जप ‘उरकला’ जातो.

रात्री दहा मिनिटं दिवस मागे वळून पाहा : आज काय मिळालं, जीव कुठे लागला, कुठे तुटक वागले, उद्या कशाला बळ हवं. दोनच ओळी लिहा. जास्त लिहिलं की चुकांची खातेवही तयार होते.

दिवसातलं रोजचंच एक काम, भांडी घासणं म्हणा किंवा मुलाची उजळणी घेणं, देवाला अर्पण म्हणून करा. एकच काम घ्या; सगळा दिवस अर्पण करायला गेलात तर दोन दिवसांत विसराल. काम तेच राहील, पण ते कुणासाठी चाललंय हे आठवेल. श्रद्धा नावीन्य पुरवत नाही, ती एवढंच करते, आणि ते पुष्कळ आहे.

सहा आठवडे यात काही बदलू नका. आनंद वाटला का, हे रोज तपासत बसू नका. घरच्यांवरची चिडचिड कमी झाली का, ते पाहा.

प्रश्न : हा कंटाळा आहे की आजार, हे कसं ओळखायचं?

उत्तर : दोन आठवडे किंवा अधिक काळ, जवळजवळ रोज आणि दिवसाचा बराच वेळ उदास वाटत असेल किंवा कशातच रस उरला नसेल, शिवाय झोप, भूक बिघडली असेल, तर डॉक्टरांना दाखवा. थायरॉइडचा बिघाड किंवा रक्त कमी असणं यानेही असा थकवा येतो. औषध आणि जप दोन्ही चालू शकतात; औषध घेतलं म्हणजे श्रद्धा कमी, हा समज काढून टाका. जगणं नकोसं झाल्याचे विचार येत असतील तर त्याच दिवशी जवळच्या माणसाला सांगा आणि डॉक्टरांना गाठा.

प्रश्न : देव आहे की नाही याचीच खात्री नाही. तरी प्रार्थना केली तर ते ढोंग नाही का?

उत्तर : ढोंग लोकांना दाखवण्यासाठी असतं. योगसूत्रांच्या त्या यादीत स्त्यानाला लागूनच ‘संशय’ येतो, म्हणजे हेही साधकाच्याच वाटेवरचं आहे. जे शब्द मनापासून म्हणवत नाहीत ते गाळा. ‘असशील तर ऐक’ एवढं म्हटलं तरी चालेल. शंका वहीत लिहा आणि त्यांच्यासाठी आठवड्यातून एक वेळ ठरवा, जमल्यास जाणत्या माणसाशी बोला. प्रार्थनेला बसल्यावर मात्र स्वतःशी वाद घालू नका. त्यात बसण्याचा वेळही जातो आणि शंकाही सुटत नाही.