स्नायू: मसल, नर्व्ह की तिसरंच काही?

प्रश्न असा आहे: बंगालीत 'स्नायुरोग विशेषज्ञ' म्हणजे मेंदू आणि मज्जातंतूंचे डॉक्टर. हिंदी जाहिरातींतल्या 'स्नायविक दुर्बलते'चा रोखही नर्व्हकडेच असतो. मराठीत मात्र स्नायू म्हणजे सरळ मसल. मग मूळ अर्थ कोणता, आणि चुकलं कोण?

मूळ अर्थ या दोन्हींपैकी एकही नाही. संस्कृतात स्नायू म्हणजे हाडं आणि सांधे बांधून ठेवणारा चिवट तंतू, आजच्या भाषेत लिगामेंट (हाडाला हाड बांधणारा) किंवा टेंडन (मसल हाडाला बांधणारा). सुश्रुतसंहिता या प्राचीन वैद्यकग्रंथाच्या शारीरस्थानात, म्हणजे शरीररचनेच्या भागात, शरीरात ९०० स्नायू सांगितले आहेत: हातापायांत ६००, धडात २३०, मानेपासून वर ७०. स्नायूंचं काम काय, तेही तिथंच आलं आहे. फळ्या पुष्कळ बंधांनी घट्ट आवळलेली नाव जशी पाण्यात माणसांचा भार पेलते, तसं सांधे स्नायूंनी बांधलेले असल्यामुळे शरीर भार सोसतं. मसल आकुंचन पावतो, नर्व्ह संवेदना नेते. यातलं काहीही या वर्णनात नाही. आहे ते फक्त बांधणं. जखम शिवायला जे धागे सुश्रुत सांगतो त्यांत ताग, अळशीचं सूत आणि केस यांच्याबरोबर स्नायूही आहे, म्हणजे जनावराच्या स्नायूचा दोरा.

मसलला सुश्रुताचा शब्द 'पेशी'. त्या ५००. हिंदी-बंगालीत पेशी, मांसपेशी अजून त्याच अर्थानं चालते आणि सेलला ते कोशिका किंवा कोष म्हणतात. आपल्याकडे पेशी हा शब्द सेलसाठी पक्का झाला आणि मसलसाठी स्नायू. गुजराती आणि कन्नडमध्येही स्नायू म्हणजे मसलच, तेव्हा मराठी काही एकटी पडलेली नाही.

बंगालीनं मात्र स्नायूला नर्व्ह केलं, आणि मला या शब्दाच्या प्रवासात सर्वांत मोलाचं वाटतं ते इथंच आहे. ग्रीक 'न्यूरॉन' आणि आपला स्नायू एकाच मूळ इंडो-युरोपीय शब्दकुळातले आहेत. न्यूरॉनचाही जुना अर्थ कंडरा म्हणजे टेंडन, किंवा त्याची दोरी. होमरच्या काव्यात तो धनुष्याच्या दोरीसाठी येतो. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात हेरोफिलस आणि एरासिस्ट्रॅटस या ग्रीक वैद्यांनी शवविच्छेदनातून मेंदूशी जोडलेल्या नर्व्ह वेगळ्या ओळखल्या. दिसायला पांढऱ्या, दोरीसारख्याच, म्हणून जुनाच शब्द त्यांना लागू झाला. ग्रीकमध्ये जे घडलं तेच पुढे बंगालीत स्नायूच्या बाबतीत घडलं.

बोलीत तर ही सरमिसळ आजही जिवंत आहे. 'मानेची शीर आखडली' म्हणताना शीर म्हणजे रक्तवाहिनी नसते, आणि 'नस दबली' म्हणताना नर्व्ह असते. ही 'नस' संस्कृत 'स्नसा'वरून, प्राकृत 'णसा'मार्गे आली. स्नसा म्हणजेही स्नायूच. म्हणजे नर्व्हचा अर्थ आपणही त्याच घराण्यातल्या शब्दाला दिला आहे, फक्त दवाखान्याच्या पाटीवर नाही, घरातल्या बोलण्यात.

तेव्हा चुकलं कोणीच नाही. चूक होते ती भाषांतरात. हिंदी पत्रकातली 'मांसपेशियों में दर्द' ही ओळ मराठीत 'मांसपेशींमध्ये वेदना' होऊन येते, आणि शाळेत पेशी म्हणजे सेल असं शिकलेल्या वाचकाचा गोंधळ उडतो. तिथं 'स्नायू दुखणे' एवढंच हवं. उलट बंगाली मजकुरातला स्नायू आला तर तो मज्जातंतू किंवा चेता करावा लागतो. हा फरक आरोग्याच्या पत्रकांत पाळलाच पाहिजे, कारण त्यावरून माणूस कुठल्या डॉक्टरकडे जायचं ते ठरवतो.

टेंडनसाठी 'कंडरा' हा सुश्रुताचाच शब्द मराठीत उपलब्ध आहे, तो वापरावा. 'स्नायुबंध'ही चालतो. लिगामेंटला 'अस्थिबंध'. आणि लिहिताना एक लक्षात ठेवा: सुटा 'स्नायू' दीर्घ, पण 'स्नायुबंध', 'स्नायुदुखी' यांत यु ऱ्हस्व.