उडी मारताना घोड्याचा पाय दांडीला लागला तर

अगं, दांडी खाली पडली आणि घोडा दोन पावलं लंगडला, म्हणून इतकं घाबरू नकोस. पण "चालतोय ना, मग झालं" असं म्हणून पुन्हा उडीवरही नेऊ नकोस. खाली उतर, जीन काढ आणि दोन्ही पुढच्या पायांच्या नळ्यांवरून, म्हणजे गुडघ्याखालच्या लांब हाडांवरून, एकाच वेळी हात फिरव. एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम लागतो का, हे हाताच्या मागच्या बाजूनं पटकन कळतं.

मग पाणी. रबरी नळीनं १५-२० मिनिटं गार धार, दिवसातून दोन-तीनदा. आता आपल्या नागपूरच्या मे महिन्यात टाकीचं पाणी चहा करण्याइतकं तापलेलं असतं, ते काय कामाचं? बादलीत बर्फ टाक, फडका बुडवून गुंडाळ. बर्फ थेट कातडीवर नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी सईसाला, म्हणजे घोड्याची देखभाल करणाऱ्याला, कडक, सपाट जमिनीवर घोडा सरळ दुडकी चालवायला सांग. दुखरा पुढचा पाय टेकताना घोडा डोकं वर उचलतो; तू पायाकडे नाही, मानेकडे बघ. माझी पहिली दोन वर्षं पायच बघण्यात गेली.

वेदनाशामक स्वतःच्या मनानं देऊ नकोस, लंगडणं झाकलं जातं. जखम सांध्याजवळ असेल, तर ती कितीही बारीक दिसो, त्याच दिवशी डॉक्टर. सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहेच. कातडी फाटली असेल तर धनुर्वाताच्या लसीची तारीखही तपास, घोड्यांना तो फार लवकर होतो.