माचू पिक्चूला जायचंय: एफडी मोडू की कर्ज काढू?

प्रश्न: मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत नोकरीला आहे, वय ५२. पत्नी शिक्षिका, वय ४९. दोघांचे मिळून महिन्याला १ लाख ३५ हजार हातात येतात. होम लोन १४ लाख बाकी आहे, ८.५ टक्के व्याज, अजून सात वर्षं. घरखर्च ५५ हजार. मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. फी आणि हॉस्टेल धरून वर्षाला २ लाख ४० हजार जातात. ९ लाखांची एक एफडी ऑगस्टात मुदत पूर्ण करते. म्युच्युअल फंडात ११ लाख आहेत, ते मुलाच्या एमएससाठी. त्यात दरमहा १५ हजारांची एसआयपी. दिवाळीच्या सुट्टीत पेरूला जाऊन माचू पिक्चू हे इंकांचं जुनं डोंगरी शहर बघायचं आहे, तेही तिथल्या आलिशान हायरम बिंगहॅम रेल्वेगाडीने. ट्रॅव्हल कंपनीने दोघांचे ८ लाख ९० हजार सांगितलेत, अधिक जीएसटी. २५ हजार टोकन दिलंय. एफडी मोडू, की पर्सनल लोन काढून सिंहस्थात पंचवटीतला फ्लॅट भाड्याने देऊन फेडू? आमच्या दोघांकडे अमेरिकेचा व्हिसा आहे.

उत्तर:

जरूर जा. पण या दिवाळीला नको, पुढच्या मे महिन्यात जा. आणि ९ लाखांत नव्हे, ६ लाखांत.

आधी कर्जाचं बोलू. ९ लाखांचं पर्सनल लोन १३ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतलंत तर हप्ता साधारण ३० हजार ३०० पडतो. व्याजाचेच १ लाख ९० हजार होतात. तुमचा महिन्याचा हिशेब असा: घरखर्च ५५ हजार, होम लोनचा हप्ता सुमारे २२ हजार, मुलाचे २० हजार, एसआयपी १५ हजार. बेरीज १ लाख १२ हजार, म्हणजे मागे उरतात २३ हजार. त्यात ३० हजारांचा हप्ता बसतच नाही. तो बसवायला पहिली कुऱ्हाड एसआयपीवर पडणार, म्हणजे मुलाच्या एमएसवर. सिंहस्थाच्या भाड्याचं म्हणाल तर पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला आहे. दिवाळीत उचललेल्या कर्जाचे हप्ते डिसेंबरपासून सुरू होतील आणि भाडं आलं तर आठ-नऊ महिन्यांनी येईल. त्या वेळी पंचवटीत किती घरं एकदम भाड्याला निघतील याचाही अंदाज घ्या. मिळालं भाडं तर छान, होम लोनमध्ये भरा. पण न आलेल्या भाड्यावर आज हप्ता बांधून घेऊ नका.

एफडीकडे तुम्ही ९ लाखांची एक रक्कम म्हणून बघताय. प्रत्यक्षात त्यात दोन वेगळे पैसे आहेत. दोघांपैकी एकाची नोकरी थांबली तरी घर, हप्ता आणि मुलाचं शिक्षण चालायला महिन्याला सुमारे साडेसत्त्याण्णव हजार लागतात. सहा महिन्यांचे झाले ५ लाख ८५ हजार. खासगी नोकरी आणि वय बावन्न, हे धरता त्याहून कमी ठेवू नका. उरले ३ लाख १५ हजार, ते फिरण्याचे. पावती आत्ता मोडलीत तर बँक व्याजदरात अर्धा ते एक टक्का कापते, म्हणून ऑगस्टपर्यंत थांबा. मुदत संपली की दोन पावत्या करा: एक ५ लाख ८५ हजारांची वर्षाची, दुसरी ३ लाख १५ हजारांची चार महिन्यांची. उरणाऱ्या २३ हजारांतले २० हजार दरमहा आरडीत टाका. बारा महिन्यांत २ लाख ४० हजार होतात. दिवाळीच्या बोनसमधले ४५ हजार बाजूला काढले की ६ लाख उभे राहतात, आणि एसआयपीला हातही लागत नाही.

आता ६ लाखांत होतं का? एक डॉलर ९० रुपये धरून मांडतो. मुंबई ते लिमा जाऊन-येऊन माणशी दीड लाख धरा, म्हणजे दोघांचे ३ लाख. हा आकडा १ लाख २० हजारांपासून १ लाख ८० हजारांपर्यंत हलतो, आणि सहलीतला सगळ्यात मोठा खर्च हाच. गाडी नव्हे! लिमा ते कुस्को (माचू पिक्चूच्या बाजूचं शहर) विमानाचे दोघांचे २४ हजार. गाडीचे ३१ हजार. माचू पिक्चूचं प्रवेश तिकीट, वर जायची बस आणि गाइड मिळून १८ हजार. दहा रात्रींच्या राहण्याचे ६० हजार, खाण्यापिण्याचे आणि स्थानिक प्रवासाचे ७० हजार. कुस्को आणि आसपासच्या १६ जागांसाठी मिळून एकच पर्यटक तिकीट असतं, परदेशी माणसाला १३० सोल (तिथलं चलन), दहा दिवस चालतं. त्याचे दोघांचे ७ हजार. विमा १० हजार, लस, रोमिंग आणि नाशिक-मुंबई टॅक्सी मिळून १० हजार. झाले ५ लाख ३० हजार. वरचे ७० हजार अडीनडीला. डॉलर ९५ झाला तरी वाढ तीस हजारांच्या आत राहते, कारण अर्ध्याहून जास्त पैसा विमानाचा आहे आणि ती तिकिटं तुम्ही डिसेंबर-जानेवारीतच काढणार. डॉलर वाढेल या भीतीने आजच परकीय चलन भरून ठेवायचं कारण नाही.

कंपनी काही लुटत नाही, एवढं सांगायला हवं. ८ लाख ९० हजारांवर ५ टक्के जीएसटी लागला की ९ लाख ३४ हजार ५०० होतात. त्यावर २ टक्के टीसीएस (पैसे भरतानाच कंपनी गोळा करते तो प्राप्तिकर), म्हणजे साधारण १८ हजार ७००. (एप्रिल २०२६ पासून परदेशी टूर पॅकेजवर सरसकट २ टक्के आहे, आधी १० लाखांपर्यंत ५ आणि वर २० टक्के होता.) टीसीएस हा खर्च नाही. ज्याच्या पॅनवर तो भरला जातो त्याला रिटर्नमध्ये परत मिळतो, किंवा कंपनीच्या पगार विभागाला वेळेत कळवलं तर पगारातल्या टीडीएसमध्ये वळता होतो. तरीही तुमच्या ६ लाखांच्या आणि त्यांच्या सव्वानऊ लाखांच्या मधला फरक जातो कुठे?

एक भाग व्हिसाचा. कोटेशनमध्ये व्हिसाचं शुल्क वेगळं मांडलंय का, ते बघा. भारतीय पासपोर्टवर अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेन देशाचा व्हिसा असेल आणि तो किमान सहा महिने वैध असेल, तर पर्यटनासाठी पेरूचा वेगळा व्हिसा लागत नाही. तुमचा अमेरिकेचा व्हिसा पुढच्या नोव्हेंबरच्या पुढे चालतोय ना, हे आज तपासा आणि विमानाची तिकिटं काढण्याआधी पेरूच्या दूतावासाकडून नियम ताजा करून घ्या. याच व्हिसामुळे अमेरिकेतून विमान बदलायचीही तुम्हाला मुभा आहे. इतरांना नुसतं विमान बदलायलाही तिथे व्हिसा लागतो. युरोपमार्गे जायचं तर ॲमस्टरडॅमहून लिमाला थेट विमान आहे. सगळा प्रवास एकाच पीएनआरवर घ्या. वेगवेगळी तिकिटं दहा-पंधरा हजारांनी स्वस्त दिसतात, पण पहिलं विमान उशिरा आलं की दुसऱ्याचे पैसे बुडतात.

दुसरा, मोठा भाग त्या आलिशान गाडीचा. हायरम बिंगहॅम ही गाडी माणशी, जाऊन-येऊन, हजार डॉलरच्या आसपास पडते. जेवण, गाइड, प्रवेश आणि बस त्यातच येतात. दोघांचे जवळपास १ लाख ८० ते ९० हजार. गाडी सुंदर आहे, पण ती तुम्हाला दुपारच्या सुमाराला पोहोचवते आणि संध्याकाळी परत आणते. एवढ्या लांब जाऊन ज्यासाठी गेलो तिथेच घाई. साध्या गाडीशी तुलना केली, प्रवेश आणि बसचे पैसे वजा केले, तरी फरक १ लाख ४० हजारांच्या घरात राहतो. तुमच्या होम लोनचे सहा हप्ते.

त्यापेक्षा असं करा. कुस्कोहून टॅक्सीने ओयान्तायताम्बोला जा, दीड-दोन तासांचा रस्ता. गाडी तिथून पकडा. माचू पिक्चूच्या पायथ्याच्या आग्वास काल्येंतेस गावापर्यंत मोटाररस्ता नाहीच. उरुबांबा नदीच्या घळीतून रूळ आणि पाणी शेजारी शेजारी जातात. गाडी २,८०० मीटरवरून २,०४० मीटरवर आग्वास काल्येंतेसला उतरते, साधारण पावणेदोन तासांत. कोरडे उघडे डोंगर बघता बघता हिरव्या जंगलात बदलतात. जाताना मोठ्या काचांची, छतालाही काच असलेली गाडी घ्या, सकाळची, आणि जमल्यास डावीकडची खिडकी, नदी बहुतेक त्या बाजूला राहते. परतताना साधी गाडी. तिथे सहाच्या सुमाराला अंधारतं, मग काचेच्या छताचे पैसे कशाला द्यायचे? असं मिसळून घेतलं की माणशी १७० डॉलरच्या आसपास बसतं. इद्रोएलेक्त्रिकापर्यंत व्हॅनने जाऊन पुढे रुळांच्या कडेने दहा-अकरा किलोमीटर चालायचा स्वस्त मार्गही आहे. सहा-सात तास घाटातली व्हॅन आणि मग ती पायपीट. पन्नाशीत काही हजारांसाठी गुडघे पणाला लावू नका.

खरेदीचा क्रम मात्र चुकवू नका. प्रवेशाचं तिकीट फक्त १५२ सोलचं, साधारण चार हजार रुपयांचं, पण सगळी सहल त्याच्यावर टांगलेली असते. रोजची संख्या ठरलेली, वेळ ठरलेली, नाव आणि पासपोर्ट नंबर छापलेला. नाव बदलत नाही, पैसे परत नाहीत, एकदा बाहेर पडलात की पुन्हा आत नाही. तिकिटावर मार्गही ठरलेला असतो. फोटोत दिसतं ते दृश्य आणि खालचं शहर दोन्ही हवं तर सर्किट २ घ्या. सर्किट १ वरूनच दाखवून परतवतं. सर्किट ३ खालून फिरवतं, त्यात तो वरचा देखावा नाही. लोक उरलेलं तिकीट घेतात आणि तिथे जाऊन हळहळतात. तेव्हा पेरूच्या संस्कृती मंत्रालयाच्या अधिकृत साइटवर सर्किट २ ची तारीख मोकळी आहे हे बघा, त्याच दिवशी विमान, मग प्रवेश, मग गाडी, शेवटी हॉटेल. पासपोर्टचं नूतनीकरण जवळ आलं असेल तर ते आधी उरका, नाहीतर तिकिटावरचा नंबर वेगळा आणि हातातला वेगळा.

मे का, तर पावसामुळे. तिकडे नोव्हेंबरपासून पाऊस धरतो आणि जानेवारी-फेब्रुवारीत जोर करतो. जानेवारी २०१० मध्ये नदीने रूळ उखडले, तेव्हा गाडी सुमारे दोन महिने बंद होती. मेमध्ये हवा कोरडी, डोंगर अजून हिरवे, जून ते ऑगस्टची गर्दी सुरू व्हायची असते आणि तुमच्या पत्नीची शाळाही बंद. तरी एक दिवस मोकळा ठेवाच. आंदोलनंही होतात, २०२३ मध्ये २१ जानेवारीपासून १५ फेब्रुवारीपर्यंत माचू पिक्चू बंदच होतं. माचू पिक्चू बघून दुसऱ्याच दिवशी लिमाहून घरचं विमान, असा बेत करू नका.

पैशाचं आणखी एक. नाशिक सहाशे मीटरवर, कुस्को ३,४०० वर. थेट कुस्कोत मुक्काम टाकला तर पहिले दोन दिवस डोकं धरून झोपण्यात जाऊ शकतात, भाडं भरून. विमानतळावरून तडक ओयान्तायताम्बोला उतरा, आधी माचू पिक्चू करा, कुस्को शेवटी ठेवा. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारा आणि विम्यात तो आजार लिहून द्या. लपवलेला आजार हे दावा नाकारण्याचं सगळ्यात सोपं कारण असतं. पॉलिसीत उंचीची मर्यादा आहे का तेही वाचा. आणि पिवळ्या तापाची लस. पेरूहून भारतात परतताना तिचं प्रमाणपत्र मागतात, नसेल तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन. प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतं, म्हणून मुंबईतल्या सरकारमान्य केंद्रात महिनाभर आधी वेळ घ्या.

हातात थोडे डॉलर ठेवा, नोटा कोऱ्या करकरीत. जरा फाटलेली किंवा शिक्का बसलेली नोट तिकडे घेत नाहीत. तिथलं एटीएम दर वेळी शुल्क कापतं, तेव्हा दोन-तीनदाच मोठी रक्कम काढा. डॉलर भरलेल्या फॉरेक्स कार्डाने सोलमध्ये पैसे दिले की चलनबदलाचा आकार पुन्हा लागतो. क्रेडिट कार्डाचा मार्कअप दोन-साडेतीन टक्के अधिक त्यावर जीएसटी. दोन्ही कार्डांचे दर विचारून ठेवा, कमी असेल ते वापरा.

राहिलं टोकन. २५ हजार पुढच्या मे महिन्यात दुसऱ्या छोट्या सहलीला वळते करता येतील का, किंवा कंपनीकडून फक्त विमानाची तिकिटं घेतली तर त्यात धरतील का, असं ईमेलवर विचारा, फोनवर नको. पावतीवर रद्द करण्याच्या अटी काय छापल्यात त्याही त्याच ईमेलमध्ये उद्धृत करा. दोन्हीला नकार आला तर ते सोडून द्या. २५ हजार वाचवायला वरचे ३ लाख ३० हजार घालवण्यात अर्थ नाही.