मेणाचा पिंप भंगारात देण्याआधी

प्रश्न : तालुक्याच्या गावातल्या एका महाविद्यालयात मी भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती येणार म्हणून मागची अडगळीची खोली रिकामी करायची आहे. तिथे शिशाची एक जाड डबी आहे. झाकणावर पिवळ्या पट्टीत किरणोत्साराची, तीन पात्यांची खूण. जुने सर सांगायचे, आत नाण्याएवढ्या चकत्या आहेत. शेजारी मेणाने भरलेला एक पिंप असून त्याच्या मधोमध दांडा बसवलेला आहे. जडवस्तू नोंदवहीत दोन्हींची नोंद आहे, खरेदीचे कागद मात्र नाहीत. प्राचार्य म्हणतात, निर्लेखन करून, म्हणजे नोंदवहीतून कमी करून, भंगारात द्या, शिशाला भाव आहे. अणुऊर्जा नियामक मंडळाला विचारू का, असं म्हटलं तर म्हणाले, 'नसतं लचांड कशाला मागे लावून घेता?' काय करावं?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : डबीची मला तेवढी धास्ती नाही. पिंपाची आहे.

डबीतल्या किरणोत्सारी चकत्या बहुधा गायगर काउंटरच्या, म्हणजे किरणोत्सार मोजणाऱ्या यंत्राच्या, प्रयोगातल्या; काही मायक्रोक्युरींच्या (क्युरी हे किरणोत्साराचं एकक). कोबाल्ट-६० दर सव्वापाच वर्षांनी निम्मा होतो; १९९० च्या सुमाराची चकती असेल तर आज तिच्यात शंभरावा भागही जेमतेम उरला असेल. सीझियम-१३७ ला निम्मं व्हायला तीस वर्षं लागतात, म्हणजे तो अजून बऱ्यापैकी शिल्लक. तरी डबी उघडून मोजदाद करू नका.

आता पिंप. शिसं गॅमा किरणांना अडवतं, न्यूट्रॉनना नाही. ते मंदावतात मेणातल्या हायड्रोजनमुळे. म्हणून न्यूट्रॉनचा स्रोत मेणाच्या पिंपात, दांड्याच्या टोकाला बसवून ठेवत. असे स्रोत बऱ्याचदा अमेरिशियम-बेरिलियमचे असतात, आणि या अमेरिशियमचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं व्हायला लागणारा काळ, ४३२ वर्षं. चाळीस वर्षांपूर्वी आणलेला स्रोत आजही जवळपास नवाच. दांडा ओढून बघण्याचा मोह आवरा. प्रयोगशाळेतला गायगर काउंटर लावून 'काही दाखवत नाही' असंही ठरवू नका, कारण न्यूट्रॉनना तो फारशी दाद देत नाही. पिंप रिकामा असेलही, पण ते योग्य मीटर आणणाऱ्या माणसाने सांगायचं.

रेडिओथेरपी विभागात विकिरण सुरक्षा अधिकारी म्हणून माझी नोकरी झाली. तुमच्या प्राचार्यांचं वाक्य मी वेगवेगळ्या तोंडून ऐकलंय. त्यांना मायापुरीची आठवण करून द्या. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात १९८५ पासून बंद पडलेलं कोबाल्टचं एक गॅमा उपकरण होतं. फेब्रुवारी २०१० मध्ये ते लिलावात भंगार म्हणून विकलं गेलं. मायापुरीच्या भंगार बाजारात ते फोडलं, आतले कोबाल्टचे तुकडे वेगवेगळ्या दुकानांत पोचले. एप्रिलमध्ये माणसं आजारी पडू लागली तेव्हा उलगडा झाला. एक कामगार दगावला, बाकीचे रुग्णालयात. नंतर मंडळाने विद्यापीठाला नोटीस काढली. लचांड म्हणतात ते हे. तुमच्याकडचा माल त्या मानाने किरकोळ आहे, पण भंगारवाल्याला त्यातलं काय कळणार? तो मेण वितळवेल, दांडा तोडेल.

तेव्हा विचारा, आणि प्राचार्यांच्या सहीने विचारा. सहायकाने परस्पर पाठवलेलं पत्र तुमच्यावरच शेकायचं. पत्ता साधा आहे : अणुऊर्जा नियामक मंडळ, नियामक भवन, अणुशक्तीनगर, मुंबई. परवान्यांचं काम आता त्यांच्या ई-लोरा या संकेतस्थळावर चालतं. तिथे महाविद्यालयाची नोंदणी नसेल तर पत्रात तसं सरळ लिहा. खोलीचा नकाशा, नोंदवहीच्या पानाची प्रत, दुरून काढलेले फोटो जोडा. डबीवर किंवा पिंपावर मूलद्रव्याचं नाव, क्रमांक, तारीख, निर्मात्याचं नाव बाहेरून वाचता येत असेल तर जसंच्या तसं उतरवून घ्या. एकक क्युरी असेल तर क्युरी, बेक्वेरेल असेल तर बेक्वेरेल. रूपांतर करत बसू नका, मायक्रो आणि मिलीची गल्लत झाली तर आकडा हजारपटीने चुकतो. कागद नाहीत हेही लपवू नका. चौकशी होईल, कदाचित निरीक्षक येतील, खुलासा मागतील. तेवढं सोसावं लागेल. चकत्या परवान्याच्या सवलतीत बसतात की नाही, पिंप मूळ पुरवठादाराकडे परत जाणार की सरकारी विल्हेवाट केंद्राकडे, हे त्यांनी ठरवायचं. त्यांच्या लेखी परवानगीशिवाय विकणं, दुसऱ्या महाविद्यालयाला देणं, टेम्पोत घालून हलवणं, यातलं काहीच करू नका.

उत्तर येईपर्यंत खोलीला कुलूप, किल्ली एकाच माणसाकडे, दारावर सूचना. भिंतीपलीकडे कुणाची रोजची खुर्ची असेल तर ती लांब न्या. अंतर दुप्पट केलं की किरणोत्साराची मात्रा साधारण चौथाईवर येते.

नॅकचं म्हणाल तर पत्राची जावक क्रमांकासह प्रत फाइलला लावा आणि कुलूपबंद खोली समितीला आपणहून दाखवा. आणि भंगारवाल्याने यातलं काही आधीच उचललं असेल तर पत्राची वाट बघू नका. त्याच दिवशी मंडळाला आणि पोलिसांना फोन करा. माल परत आणायला स्वतः जाऊ नका.