पाणी रेघेपर्यंतच!

पावसाळा लागला की लहान मुलांच्या अँटिबायोटिकच्या बाटल्या आमच्या औषधाच्या दुकानाच्या काउंटरवरून भराभर जातात, आणि पाठोपाठ तेच ते प्रश्न येतात. काही फोनवर, काही चिठ्ठीवर, काही थेट बाटली हातात घेऊन. या वेळी एकत्रच उत्तरं देते.

प्रश्न : बाटलीत औषधाऐवजी पावडरच निघाली. औषध खराब झालंय का?

नाही. पाणी घालायचं बाकी आहे.

प्रश्न : मग कंपनी तयार पातळ औषधच का देत नाही? आमचे शेजारी म्हणतात, पावडरवालं हलक्या दर्जाचं असतं.

शेजाऱ्यांना माझा नमस्कार सांगा. अमोक्सिसिलिन, सेफिक्झीम ही औषधं पाण्यात फार काळ टिकत नाहीत. पाण्याचा संपर्क आला की त्यांचा रेणू हळूहळू मोडायला लागतो. अमोक्सिसिलिनच्या जोडीला जे क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल असतं, ते तर त्याहून नाजूक. कोरडी पावडर दुकानात खूप महिने राहू शकते, कालवलेलं औषध मात्र दिवसांच्या हिशेबात. दर्जाचा इथे काही संबंध नाही. अझिथ्रोमायसिनसारखं औषध आपल्याकडे बऱ्याचदा तयार पातळच मिळतं, कारण त्याचा स्वभाव वेगळा आहे.

प्रश्न : पाणी किती घालायचं? मी गळ्यापर्यंत भरलं, औषध जास्त दिवस पुरेल म्हणून.

या प्रश्नावर माझा आवाज चढतो, आधीच माफी मागते.

बाटलीवर एक रेघ असते. काही कंपन्या काचेतच उठावाची कडी देतात, काही लेबलवर बाण छापतात. तयार औषध त्या रेघेपर्यंत भरलं, तरच 5 मिलीत लेबलवर लिहिलेलं औषध असतं. पावडरही जागा घेते, म्हणून 30 मिलीच्या बाटलीत 30 मिली पाणी घालायचं नसतं, त्याहून कमी लागतं. तुम्ही 30 मिलीऐवजी 40 मिली केलंत, तर प्रत्येक चमच्यात औषध पाऊणच उरलं. बाळाला ताप आहेच, डॉक्टर म्हणतात औषध लागू पडत नाही, आणि जंतूंना अर्धवट मार सोसायची सवय लागते. उलट 20 मिलीतच थांबलात, तर दीडपट डोस.

आता पद्धत. आधी बाटली तळहातावर आपटून तळाशी बसलेली पावडर सुटी करायची. मग पाणी दोन टप्प्यांत. आधी थोडं घालून, झाकण लावून जोरात हलवायचं. गुठळी राहिली की ती तळाशी चिकटते आणि शेवटच्या डोसात निघते. फेस बसू द्यायचा, मग रेघेपर्यंत पाणी घालून पुन्हा हलवायचं. फेसाची वरची कड रेघेला लागली की थांबणारे पुष्कळ पाहिलेत. पाणी डब्यातल्या प्लास्टिकच्या कुपीतलं, ती नसेल तर उकळून पूर्ण गार केलेलं. "गरम पाण्यात लवकर विरघळतं" हे चहाबद्दल खरं आहे.

एका आजोबांनी दोन दिवस नातवाला कोरडी पावडरच चमच्याने चारली होती. त्यांना मी हसले नाही. चूक त्या दुकानाची, जिथे घाईत बाटली पिशवीत टाकली गेली आणि कालवायची कशी हे कोणी सांगितलं नाही. घरपोच औषध मागवलं तरी तेच. दारात पिशवी देणारा मुलगा हे सांगू शकत नाही. फार्मासिस्टसमोर उभं राहून कालवून घ्या. आधीच जास्त पाणी पडलं असेल, तर ती बाटली देऊ नका, डॉक्टरांना लगेच फोन करा.

प्रश्न : घरातला चहाचा चमचा चालेल?

नाही. सोबतचं मापाचं झाकण किंवा ड्रॉपर वापरा. तान्ह्यांसाठी सुईविना सिरिंज दुकानात मागून घ्या.

प्रश्न : डॉक्टरांनी लिहिलेला ब्रँड नव्हता, दुकानदाराने "कंटेंट तेच आहे" म्हणून दुसरा दिला. चालेल ना?

कंटेंट तेच, पण किती? अमोक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिकचं एक सिरप 5 मिलीत 228.5 मिलिग्रॅम असतं, दुसरं 5 मिलीत 457. चमचा तोच, औषध दुप्पट. नावापुढे 'डीएस', 'फोर्ट' अशी शेपटी दिसली की डोळे उघडे ठेवा. काही दुकानांत ज्यावर नफा जास्त सुटतो, तेच पुढे सरकतं, हे मी याच धंद्यात राहून सांगतेय. बदल करायचा तर आधी डॉक्टरांना विचारून. मुलांचा डोस वजनावर ठरतो, बाटलीच्या नावावर नाही.

प्रश्न : गेल्या वर्षीची चिठ्ठी आहे. खोकला तसाच आहे. औषध का देत नाही?

खोकला तसाच असेल, मूल तसंच नाही. तेव्हा नऊ किलो होतं, आता अकरा असेल. शिवाय बहुतेक खोकले-सर्दी विषाणूंमुळे होतात, त्यावर अँटिबायोटिक काही करत नाही. सेफिक्झीमसारखी औषधं शेड्यूल एच-1 मध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या सरकारी यादीत आहेत. मार्च 2014 पासून त्यांची विक्री वेगळ्या रजिस्टरात लिहावी लागते, आणि ते रजिस्टर तीन वर्षं सांभाळावं लागतं. जुन्या चिठ्ठीवर मी नोंद काय करू?

प्रश्न : औषध दुधाच्या बाटलीत मिसळू का? कडू लागतं. मधात चालेल?

बाटलीतलं दूध उरलं तर त्यात किती औषध राहिलं, कोण सांगणार? गालाच्या आतल्या बाजूला थोडंथोडं सोडा. एक वर्षाखालच्या बाळाला मध नकोच, औषधासोबत नको आणि तसाही नको.

प्रश्न : दिल्यावर पाच मिनिटांत ओकलं. पुन्हा देऊ?

स्वतःच्या मनाने नको. डॉक्टरांना विचारा. अंगावर पित्त उठलं, ओठ सुजले किंवा श्वास लागला, तर फोन करत बसू नका, थेट दवाखान्यात जा.

प्रश्न : चिठ्ठीवर 5 मिली, दिवसातून दोनदा, पाच दिवस. बाटली 30 मिलीची. दोन घेतल्या. दोन्ही आत्ताच कालवू का? आणि परवा गावी जायचंय, तिथे लोडशेडिंग असतं.

हिशेब बरोबर आहे: 50 मिली लागणार, म्हणून दोन बाटल्या. पण आज एकच कालवा. दुसरी कोरडी न्या, सोबतची पाण्याची कुपीही न्या, पहिली संपल्यावर तिकडे कालवा. कालवल्याची तारीख स्केचपेनने बाटलीवर लिहा. अमोक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक असेल तर फ्रीजमध्ये ठेवा, दारात नाही, बर्फाच्या कप्प्यात तर मुळीच नाही, आणि सात दिवसांनंतर वापरू नका. इतर औषधांचे नियम वेगळे असतात. क्लॅरिथ्रोमायसिन तर फ्रीजमध्ये ठेवायचंच नसतं. लेबल वाचा. माठाजवळचा गारवा फ्रीजइतका नसतो, तेव्हा निघण्याआधी डॉक्टरांना सांगा, "गावी फ्रीजचा भरवसा नाही." ते कदाचित दुसरं औषध लिहून देतील. आणि प्रत्येक डोसाआधी बाटली हलवा. पाच दिवसांनंतर दुसऱ्या बाटलीत जे 10 मिली उरेल, ते धाकट्याच्या खोकल्यासाठी ठेवायचं नाही. चहाच्या चोथ्यात कालवून, पिशवी बांधून कचऱ्यात टाका.